मदत हवी आहे : नेपाळच्या डोंगरी गावातील दगड-मातीच्या घराला नवी खोली जोडताना भूकंपाचा विचार कसा करावा?

नमस्कार,

मी पुण्यात स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून काम करतो. महाविद्यालयात माझ्याबरोबर शिकलेला एक नेपाळी मित्र आता सिंधुपाल्चोक जिल्ह्यातील आपल्या गावी राहतो आणि तेथील काही कुटुंबांना परवडेल असा बांधकामाचा आराखडा त्याने माझ्याकडे मागितला आहे. दगड-मातीच्या बांधकामाचा, विशेषतः १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतरच्या पुनर्बांधणीचा, प्रत्यक्ष अनुभव असलेल्या सभासदांनी मार्गदर्शन करावे अशी विनंती आहे.

२५ एप्रिल २०१५ च्या ७.८ तीव्रतेच्या भूकंपात नेपाळमध्ये सुमारे ९,००० माणसे दगावली. त्यांतली सर्वाधिक याच जिल्ह्यातली होती. पुढे सरकारने पात्र कुटुंबांना घरासाठी ३ लाख नेपाळी रुपये तीन हप्त्यांत दिले. एवढ्यात पुरते घर होत नसल्यामुळे अनेकांनी नियमांत बसणारी एक-दोन खोल्यांची घरे बांधली. आता मक्याची साठवण, गुरे आणि वाढलेले कुटुंब यांसाठी मित्राच्या गावात त्याच घरांना लागून नव्या खोल्या उभ्या राहत आहेत, आणि त्यांत सगळ्या भिंतींना एकत्र बांधणारे आडवे पट्टे नाहीत की भिंतीच्या आरपार जाणारे दगड नाहीत. अनुदानातून झालेले सुरक्षित घर या जोडकामामुळे पुन्हा धोक्यात येईल, ही त्याची काळजी मला अगदी रास्त वाटते.

गावापर्यंत ट्रक जात नाही. सिमेंट आणि सळई शेवटचा चढ माणसांच्या पाठीवरून चढते. दगड आणि माती जागेवर मिळते, लाकूड सामुदायिक वनातून मोजकेच मिळते. गावकऱ्यांचा ओढा आरसीसीकडे (सळई घातलेल्या काँक्रीटकडे) आहे आणि तो समजण्यासारखा आहे, परंतु केवळ काँक्रीट वापरल्याने घर सुरक्षित होत नाही, हे हैतीने दाखवून दिले आहे. १२ जानेवारी २०१० रोजी तेथे झालेल्या ७.० तीव्रतेच्या भूकंपात लाखाहून अधिक माणसे गेल्याचे अंदाज आहेत, तर त्याच वर्षी २७ फेब्रुवारीला चिलीमध्ये ८.८ तीव्रतेचा भूकंप होऊनही मृतांचा आकडा सव्वापाचशेच्या आसपास राहिला. भूकंपाचे केंद्र शहरापासून किती दूर होते याचा त्यात वाटा आहेच. तरीही चिलीमध्ये आधी विटांची भिंत चढवून, तिच्या कडेच्या विटा दातांसारख्या पुढे-मागे ठेवून, मग त्यांत काँक्रीटचा खांब ओतण्याची पद्धत साध्या घरांतही रुळलेली आहे, आणि हैतीत जड स्लॅब कच्च्या ब्लॉकवर व आतल्या सळयांभोवती विरळ रिंगा असलेल्या खांबांवर टेकलेले होते. जास्त पाणी घालून कालवलेले काँक्रीट डोक्यावर चढवण्यापेक्षा नीट सांधलेली दगडी खोली आणि वर हलका पत्रा मला अधिक भरवशाचा वाटतो.

४५ सेंमी जाडीच्या दगडी भिंतीचे वजन दर चौरस मीटरला साधारण एक टन भरते, आणि भूकंपाचा जोर वजनाच्या प्रमाणातच वाढतो. म्हणून मातीच्या गाऱ्यातले बांधकाम एकमजलीच ठेवायचे, भिंत ४५ सेंमीपेक्षा जाड करायची नाही, उंची ३ मीटरच्या आत आणि आडव्या भिंतींमधले अंतर ५ मीटरच्या आत ठेवायचे, उंचीत दर ६० सेंमीला व लांबीत दर १.२ मीटरला एक आरपार दगड घालायचा, आणि छपराखालच्या त्रिकोणी भिंती दगडाऐवजी पत्र्याच्या करायच्या, एवढे मी ठरवले आहे. जोते, लिंटेल (दारे-खिडक्यांच्या वरची तुळई) आणि छप्पर या तीन पातळ्यांवर पट्टे येतील.

अडचण यापुढे आहे. पट्टे लाकडाचे केले तर कोपऱ्यावरचा सांधा कसा करावा, म्हणजे तो ओढ सहन करील आणि गावचा सुतारही करू शकेल? जुनी व नवी खोली एकमेकींना बांधावी की त्यांच्यात फट ठेवावी? शिवाय भिंतीला दोन्ही बाजूंनी जाळी बांधण्याचा विचार आहे. टोकियो विद्यापीठातील प्रा. किमिरो मेगुरो यांनी खोकी बांधायच्या प्लास्टिक पट्ट्यांची जाळी यासाठी विकसित केली आहे. ती हलकी आणि स्वस्त असली तरी उन्हाने खराब होते, त्यामुळे तिच्यावर गिलावा टिकवावा लागतो. त्याऐवजी जी.आय. तार (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी तार) वापरलेली कोणी पाहिली आहे का?

प्रतिसाद :

१९९३ नंतर मी औसा तालुक्यात कनिष्ठ अभियंता म्हणून पुनर्बांधणीच्या कामावर होतो. तेथील माळवदांच्या (मातीच्या सपाट छपराच्या घरांच्या) भिंती रुंद होत्या, पण आतली आणि बाहेरची अंगे वेगवेगळी रचून मधे डबर व माती भरलेली असे. हादऱ्याने ही दोन अंगे फाकली आणि वरचा मातीचा जड थर घरात कोसळला. त्यामुळे आपल्या यादीत मी आरपार दगडाला सर्वांत वरचे स्थान देईन. लांब दगड न मिळाल्यास ८ मिमी सळईचा एस आकाराचा आकडा काँक्रीटमध्ये बसवून चालतो, आय.एस. १३८२८ या अशा कमी ताकदीच्या बांधकामासाठीच्या भारतीय मानकात तशी मुभा आहे. प्रत्येक आरपार दगडाचे तोंड दोन्ही बाजूंना चुन्याने रंगवायला सांगा, म्हणजे घरमालकाला स्वतः मोजून घेता येईल. गिलावा त्या मोजणीनंतरच करावा.

खोल्या बांधू नयेत, फट ठेवावी. नव्या खोलीला चारही भिंती स्वतःच्या असाव्यात आणि तिच्या छपराचा भार जुन्या भिंतीवर येऊ देऊ नये. एक भिंत वाचवण्याचा आग्रह घरमालक धरतीलच, तेथे मित्राने ठाम राहावे. लाकडी पट्ट्यांसाठी दोन समांतर वासे आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या असा शिडीसारखा सांगाडा करावा; कोपऱ्यावर वासे अर्धे खाचून एकमेकांवर बसवावेत आणि भिंतीच्या बाहेर थोडे निघू द्यावेत, केवळ खिळ्यांवर विसंबू नये.

धागाकर्ता :

मनापासून आभार. दगड रंगवण्याची सूचना आजच मित्राला कळवतो. चौथ्या भिंतीचा खर्च निघावा म्हणून फटीकडची भिंत दगडाऐवजी लाकडी चौकटीत कुडाची केली, तर उरलेल्या तीन दगडी भिंतींना पुरेसा आधार मिळेल का? लिंटेलचा पट्टा त्या चौकटीवरून अखंड नेता येईल असे मला वाटते, परंतु तीन बाजू जड आणि एक हलकी असल्यामुळे खोली पिळली जाण्याची शंका आहे. असे मिश्र बांधकाम कोणी पाहिले असल्यास कृपया कळवावे.