मदत हवी आहे: जीआय पन्हळीचे सांधे गळतात, सीलंट कोणतं?

नमस्कार मंडळी. वडोदऱ्यात दांडिया बाजारातलं जुनं घर. उतरत्या पत्र्याखाली 8 फुटी पाच तुकड्यांची जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी पत्र्याची) पन्हळ आहे, म्हणजे सांधे चार. त्यातले दोन गळतात आणि पाणी थेट भिंतीत मुरतं.

उतार लेव्हल पाइपने तपासला, मीटरमागे 4 मिमी आहे, पाणी साचत नाही. जोड दीड इंचाचा, वरचा तुकडा आत बसलेला, त्यामुळे दिशा बरोबर आहे. मागच्या वर्षी भरलेलं सिलिकॉन मात्र पापुद्र्यासारखं हाताने निघतं. त्याखाली रिव्हेटभोवती पांढरी भुकटी दिसते. लावताना व्हिनेगरसारखा वास होता, म्हणजे ते अ‍ॅसिटिक प्रकारचं; ते जस्ताचा थर खातं, हे चुकलंच.

आता सांधा उघडून वायर ब्रशने घासायचा, थिनरने पुसायचा, आत सीलंटच्या दोन रेघा देऊन रिव्हेट दीड इंचावर मारायचे, असा बेत आहे. विचारायचं ते हे: न्यूट्रल (आम्ल न सोडणारं) सिलिकॉन घ्यावं की पॉलियुरेथेन? ऊन थेट पडतं. 12 मीटर पन्हळ 40 अंशांच्या फरकाला जवळपास 6 मिमी लांबते, म्हणून एम-सील (सुकल्यावर कडक होणारी इपॉक्सी पुट्टी) टिकणार नाही असं वाटतं. की सगळे सांधे पक्के करून मधला एक सरकता ठेवावा? तसा केला असेल तर त्यातून पाणी कसं अडवलंत, तेवढं नक्की सांगा. जूनच्या आधी काम उरकायचं आहे.