फुगरायचे भाडे खरोखर इतके स्वस्त आहे काय?

माणदेशी: काल येथे एका सदस्याने लिहिले की, जर्मनीतील आउग्सबुर्गच्या याकोब फुगर या सावकाराने १५२१ साली गरिबांसाठी वसवलेली फुगराय ही वस्ती निरपेक्ष दानाचा नमुना आहे, कारण तिथले वार्षिक भाडे आजही जेमतेम ८८ सेंट आहे. हे वाचून स्वस्थ बसवले नाही. रहिवासी कॅथलिक हवा, आउग्सबुर्गचाच हवा, आणि त्याने फुगर घराण्यासाठी रोज तीनदा प्रार्थना करायची, हेही भाडेच आहे. १५१९ मध्ये पाचव्या चार्ल्सला पवित्र रोमन सम्राट म्हणून निवडून आणण्यासाठी पैसा ओतणाऱ्या धनिकाने आपल्या आत्म्याची सोय गरिबांच्या तोंडून करून घेतली.

रेवती_क: हेतूविषयी तुमच्याशी वाद नाही. पण मी ती वस्ती पाहिली आहे. खालच्या आणि वरच्या बिऱ्हाडाला रस्त्यावर उघडणारे वेगवेगळे दार आहे, आणि अंधारात हाताला आपले घर ओळखता यावे म्हणून घंटेच्या मुठींचे आकारही निरनिराळे आहेत. त्या काळी निराधारांना एका दालनात ओळीने निजवत असत. तिथे माणसाला स्वतःचा उंबरठा देणे ही लहान गोष्ट आहे का?

माणदेशी: उंबरठा कोणाला? चारचौघांत हात पसरणाऱ्याला मूळ दानपत्रानेच वगळले होते. आणि रात्री दहाला फाटक बंद होते, उशिरा येणाऱ्याने पहारेकऱ्याला पैसे द्यायचे, ते कसे विसरता?

जुना_वाचक: फाटकाचे नाव काढलेत म्हणून लिहितो. माझ्या आत्याने आयुष्याची पुंजी अनामत म्हणून भरून एका वृद्धाश्रमात खाट घेतली. तिथे संध्याकाळी सातलाच कुलूप लागत असे, आणि माझ्या मुलीच्या लग्नाहून परतायला उशीर झाला म्हणून सत्तरीच्या बाईला कार्यालयात उभे करून जाब विचारला गेला. तीन प्रार्थना तिने आनंदाने म्हटल्या असत्या.

माणदेशी: आपल्या आत्याबाईंचे ऐकून वाईट वाटले, परंतु एका ठिकाणच्या जाचाने दुसऱ्या ठिकाणची अट न्याय्य ठरत नाही. अन्य धर्माच्या म्हातारीने कुठे जावे?

रेवती_क: कुठेच नाही, आणि हे त्या दानाचे मोठे उणेपण आहे, हे मी नाइलाजाने मान्य करते. मात्र १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात वस्तीचा बराच भाग पडल्यावर त्याच घराण्याने ती पुन्हा उभारली. केवळ आपल्या आत्म्याची काळजी असती, तर एक प्रार्थनामंदिर बांधून भागले असते.

माणदेशी: पुनर्बांधणीचे श्रेय देतो. कालच्या सदस्याचा निरपेक्ष हा शब्द मात्र मागे घ्यायला हवा.