मदत हवी आहे: जुलाब थांबले, पण चिकू मरगळलेलाच आहे. उद्यापर्यंत थांबू का?

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात वर्तकनगरला राहते. आमचा चिकू गावठी कुत्रा आहे, साडेचार वर्षांचा, वजन १९ किलो. लसी वेळच्या वेळी झाल्या आहेत. आज रविवार, आमचे नेहमीचे डॉक्टर उद्या सकाळी १० ला भेटतील. तोवर घरी थांबावं की नाही हे ठरवता येत नाहीये, म्हणून लिहिते आहे.

गुरुवारी रात्री त्याला चार वेळा पातळ शी झाली. रक्त नव्हतं, उलटी नव्हती. पावसात कचऱ्याच्या डब्यापाशी काहीतरी तोंडात घातलं असावं असं वाटलं. शुक्रवारी सकाळी खायला दिलं नाही, पाणी मात्र थोडं थोडं देत राहिले. संध्याकाळपासून मऊ भात, नुसतं उकडलेलं चिकन (मीठ, कांदा, लसूण काही नाही) आणि वाफवलेला लाल भोपळा, दिवसातून चार वेळा मूठ-मूठभर. काल शी बांधून झाली. मला वाटलं, सुटलो.

आज सकाळी पट्टा काढला तर हा जागचा हललाच नाही. एरवी उपवनला जायचं म्हटलं की चपला घालायचीही सवड देत नाही. आज फरशीवर हनुवटी टेकून नुसता बघत होता. हाक मारली तेव्हा शेपूट दोनदा आपटली आणि थांबली. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. भातही अर्धा टाकला.

सासूबाई म्हणतात नाक ओलं आहे, म्हणजे ताप नाही. खालच्या औषधाच्या दुकानात विचारलं तर अंगदुखीची पाव गोळी द्या म्हणाले. आणून ठेवली आहे, दिलेली नाही. ताप घरी कसा बघायचा? आणखी काय तपासू? आणि काय दिसलं तर आजच निघायचं? कृपया सांगा.

---

नौपाडाकर:
ताई, आधी ती गोळी लांब ठेवा. अशा गोळ्यांत असणाऱ्या आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, किडनीलाही धोका असतो. पॅरासिटामॉलसुद्धा स्वतःच्या मनाने द्यायचं नाही. पाव काय, त्याचा तुकडाही नको.

नाकावरून ताप कळत नाही. झोपून उठलेल्या ठणठणीत कुत्र्याचं नाक कोरडं असतं आणि तापलेल्याचं ओलं असू शकतं. साधा डिजिटल थर्मामीटर घ्या, टोकाला व्हॅसलीन लावा. एकाने समोर बसून मान कुशीत धरून गप्पा मारायच्या, दुसऱ्याने शेपूट उचलून गुदद्वारात इंचभर हळूच सरकवायचा आणि बीप होईपर्यंत धरून ठेवायचा. घाई केली की पुढच्या वेळी तो हात लावू देणार नाही. कुत्र्याचं तापमान मुळातच आपल्यापेक्षा जास्त, १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. १०३ च्या वर ताप समजा. तो थर्मामीटर नंतर त्याच्यासाठीच ठेवा.

---

ऐरोलीची_श्वानमावशी:
जुलाबाचं तुम्ही जे केलंत ते अगदी बरोबर केलंत. मोठ्या, धडधाकट कुत्र्याला एवढं पुरतं. (पिल्लू असतं तर उपाशी ठेवायचं नाही आणि थांबायचंही नाही. पार्व्हो या विषाणूच्या आजारात पिल्लू एका दिवसात हातचं जाऊ शकतं.)

पण जुलाब थांबल्यावर कुत्रा खुलायला हवा. तो उलट मिटतोय, हे मला ठीक वाटत नाही. आत्ता उजेडात घेऊन बसा आणि बघा.

वरचा ओठ उचलून हिरडी पाहा. गुलाबी हवी. बोटाने दाबा, पांढरी होईल, सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत रंग परत आला पाहिजे. गावठी कुत्र्यांच्या हिरड्या बऱ्याचदा काळ्या असतात, मग डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघा. पिवळट दिसलं तर एक मिनिटही थांबू नका. साचलेल्या पाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) होतो, त्यात कावीळ होते, तो माणसांनाही होतो, त्याची लघवी पुसताना हातमोजे घाला.

खांद्यांमधली कातडी चिमटीत उचलून सोडा. लगेच खाली बसली नाही तर अंगातलं पाणी कमी झालंय. झोपलेला असताना श्वास मोजा, अर्धा मिनिट मोजून दुप्पट करा, ३० च्या आत हवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, गोचीड शोधा, तिच्या चावण्यातूनही ताप येतो. पावसाळा आहे, तुम्ही उपवनला नेता, येऊरच्या बाजूला गवत आहे. कानाच्या आत, पट्ट्याखाली, शेपटीच्या मुळाशी आणि पायाच्या बोटांच्या बेचक्यांत. पोटावर केस विरळ असतात तिथे बारीक लाल ठिपके आहेत का तेही बघा. जे दिसेल ते वहीत वेळेसकट लिहा.

---

धागाकर्ती:
दोघांचे खूप आभार. आत्ता सगळं केलं. यांनी मान धरली, मी थर्मामीटर लावला. १०३.८ आहे. हात थरथरत होता म्हणून दहा मिनिटांनी पुन्हा लावला, तेवढाच.

हिरड्या काळ्याच आहेत. पापणीच्या आत मात्र गुलाबी नाही, धुतलेल्या कापडासारखा फिका रंग आहे. श्वास २६.

आणि गोचीड आहेत. मी रोज त्याला पुसते, तरी मला दिसल्या नव्हत्या. मागच्या उजव्या पायाच्या दोन बोटांमध्ये, भिजवलेल्या मुगाएवढी फुगलेली, राखाडी, आणि तिच्या शेजारी दोन बारीक तपकिरी. पोटावर जांघेपाशी पाच-सहा लाल ठिपके आहेत, सुईच्या टोकाएवढे. मला डासांचे वाटले, पण बोटाने दाबल्यावर जात नाहीत.

शेजारच्या काकू गोचिडीवर रॉकेल लावा म्हणतात. लावू?

---

नौपाडाकर:
रॉकेल नको, काडीने चटकाही नको. चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ ओढायची, पिळायची नाही. स्पिरिटच्या बाटलीत टाका, बोटांनी चिरडू नका. पण ते नंतर. फिकी पापणी, ताप आणि न जाणारे ठिपके एकत्र आहेत, म्हणजे प्लेटलेट्स घसरल्या असू शकतात. आजच निघा.

---

ऐरोलीची_श्वानमावशी:
हो, आजच. रविवारी उघडं असलेलं जवळचं क्लिनिक फोन करून विचारा आणि रक्त तपासायची सोय आहे का हे आधी विचारा. नाहीच मिळालं तर परळचं प्राण्यांचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे, पण फोन करूनच निघा. वही आणि गोचिडीची बाटली बरोबर न्या.

---

घणसोलीकर:
मध्येच विचारतो, माफ करा. आमचा बोका सकाळपासून मातीच्या ट्रेमध्ये जाऊन बसतोय, जोर करतोय, ओरडतोय. बद्धकोष्ठ आहे का? दुधातून थोडं तूप देऊ का?

---

ऐरोलीची_श्वानमावशी:
दादा, ट्रेमध्ये लघवीचा ओला गोळा आहे का ते आत्ता बघा. नसेल तर तूप वगैरे काही नको, बोक्याला उचला आणि डॉक्टरांकडे पळा. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते, ती तुंबली की एक-दोन दिवसांत जीव जातो. यावर घरचा उपाय नाही. आणि पॅरासिटामॉल मांजराला कधीच, थेंबभरही द्यायचं नाही.

---

घणसोलीकर:
गोळा नाही. निघालो.

---

धागाकर्ती (सोमवार रात्र):
काल संध्याकाळी घोडबंदर रोडवर एक क्लिनिक उघडं मिळालं. डॉक्टरांनी वही वाचली, पोट बघितलं आणि लगेच रक्त घेतलं. प्लेटलेट्स ६२ हजार, निदान २ लाख तरी हव्या होत्या. हिमोग्लोबिन ९.८, तेही कमी. एर्लिकिया या जिवाणूची चाचणी पॉझिटिव्ह, म्हणजे टिक फीवर, गोचिडीतून होणारा ताप. डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक २८ दिवस. बरा दिसला म्हणून मध्ये सोडायचं नाही असं त्यांनी दोनदा बजावलं. जुलाब त्याचेच होते की कचऱ्याचे, हे आता सांगता येणार नाही म्हणाले. पाव गोळीबद्दल सांगितलं तेव्हा म्हणाले, प्लेटलेट्स इतक्या कमी असताना ती पोटात गेली असती तर रक्तस्राव झाला असता. ती गोळी मी घरी येऊन फेकली.

घरही साफ करायला सांगितलंय. ही गोचीड भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीत हजारो अंडी घालते, नुसता कुत्रा स्वच्छ करून भागत नाही. त्याची गादी उकळत्या पाण्यात धुतली, सोफा ओढून मागचं सगळं झाडलं.

घणसोलीकर, बोका कसा आहे?

---

घणसोलीकर:
नळी घालून लघवी काढली. ॲडमिट आहे, पण आज डोळे उघडून बघितलं. मावशी, तुमचे उपकार आहेत.

---

धागाकर्ती (शनिवार):
सहावा दिवस. ताप १०१.९. प्लेटलेट्स १ लाख ४० हजार. कॅप्सूल चिकनमधून शोधून थुंकत होता, आता उकडलेल्या रताळ्याच्या गोळ्यात घालून देते आणि वर वाटीभर पेज पाजते, म्हणजे घशात अडकत नाही. आज पट्टा काढल्यावर उठला, दारापर्यंत आला आणि मी चपला घालेपर्यंत तिथे उभा राहिला. गेटपर्यंतच नेलं. बोटांच्या बेचक्या आता रोज रात्री बॅटरी लावून बघते.