स्लो वॉल्ट्झ: तिसऱ्या पावलाला वजन अडकतंय, मदत हवी आहे

घुंगरूवाली

नमस्कार मंडळी. मी लीड्सला असते. नवऱ्याबरोबर बॉलरूमचा, म्हणजे जोडीने करायच्या पाश्चात्त्य नाचाचा क्लास लावलाय. सध्या तीन मात्रांचा स्लो वॉल्ट्झ चालू आहे. लहानपणापासून कथक केल्यामुळे ताल आणि पाठांतराची अडचण नाही. अडतंय ते वजनापाशी.

नॅचरल टर्नमध्ये, म्हणजे उजवीकडच्या वळणात, माझी पावलं अशी: एकला डावा मागे, दोनला उजवा बाजूला, तीनला डावा उजव्याशेजारी. पुढच्या एकला उजवा पुढे. पाय जुळतात हो, पण उजवा मोकळाच झालेला नसतो! मी क्षणभर रेंगाळते, तोवर नवरा मागे निघालेला असतो आणि मी त्याच्यामागे फरपटते. मिनिटाला २८ ते ३० बार (एका बारात तीन मात्रा), म्हणजे ८४ ते ९० मात्रा. तशी काही ही द्रुत लय नव्हे, तरी वेळ पुरत नाही. एकटीने हळू केलं की सगळं जमतं.

मला संशय तत्काराचा, म्हणजे कथकच्या मूळ पदाघातांचा आहे. उजवा डावा उजवा डावा, डावा उजवा डावा उजवा. चौथ्या आणि पाचव्या मात्रेला डावाच पडतो, म्हणजे चौथ्यानंतर डाव्यावर रेलून चालत नाही, अंग मधोमध ठेवावं लागतं. ही सवय मोडायची कशी? आणि मागे जाताना टाच नेमकी कधी टेकवायची?

टाच_चवडा

ताई, संशय रास्त आहे, पण मला वाटतं खरी गडबड खाली येण्यात आहे. तीनला डावा पाय चवड्यावर येतो तेव्हा तुम्ही अजून उंचावरच असता. तिथून उतरायचं ते एकट्या डाव्यावर. आधी चवडा, मग टाच, मग गुडघा सैल. दोन्ही टाचा एकदम टेकल्या की वजन वाटलं गेलं, मग उजवा सुटणार कुठून?

करून बघा: तीनवर उतरून थांबा आणि उजवा पाऊल जमिनीपासून बोटभर उचला. खांदे डावीकडे कलले तर वजन तिथे पोचलंच नव्हतं. उचलताना अंग जराही हललं नाही, तर जमलं. मी शिकवताना तीननंतर अख्खा एक बार असं उभं करतो. मुलं वैतागतात, पण पाय सुधारतात.

टाचेबद्दल: मागे जाताना आधी बोटं, मग चवडा, मग टाच. पण धाडकन नाही. पुढचा पाय ओढत जवळ येत असतो, त्याच्या लयीत टाच खाली येऊ द्यायची. त्या पुढच्या पायाची बोटं सुटतात आणि टाच जमिनीला घासत येते. एकच्या शेवटी वर यायला सुरुवात होते खरी, पण ती गुडघ्यातून आणि अंगातून. दोनच्या पावलावर वजन जाईपर्यंत डावी टाच उचलायची नाही. बऱ्याच जणी इथे आधीच चवड्यावर चढतात आणि तोल घालवतात.

पणजीकर

आमच्याकडे लग्नात बँड वाजायला लागला की आत्या-मावश्या हाताला धरून मधे नेतात. टाच-चवडा वगैरे कोण सांगतो! तेव्हा तंत्राचं वरच्यांना विचारा. मी फक्त एवढंच म्हणेन, यजमानांकडेही बघा. तीनला त्यांचा उजवा डाव्याशी जुळतो, आणि त्यांनाही त्याच उजव्यावर उतरून मगच डावा मागे टाकायचा असतो. ते उतरायच्या आधीच निघत असतील तर तुम्ही फरपटणारच. दर वेळी बाईच्याच पायात खोट का शोधायची?

टाच_चवडा

पणजीकर, अगदी मुद्द्याचं. ताई, एक विचारतो: तीनला डावा पाय सरकवत आणता की उचलून ठेवता?

घुंगरूवाली

उचलून! आत्ता स्वयंपाकघरात मोजे घालून करून पाहिलं. पाय हवेतून येतो आणि सपाट पडतो, आवाजासकट.

टाच_चवडा

मग तो तत्काराचाच आघात. आघात केला की पाय लगेच मोकळा करायची तुमची सवय, त्यामुळे वजन त्याच्यावर बसतच नाही. जुळणारा पाय जमिनीला अंगठ्याच्या कडेने पुसत आणा, वजन आपोआप मागोमाग येतं. आणि रबरी तळव्याचे बूट असतील तर ते बाजूला ठेवा, पाय चिकटतो. स्वेडचा (लवदार चामड्याचा) तळवा घ्या, मधूनमधून तारेच्या ब्रशने घासत जा.

घुंगरूवाली

रबरीच आहेत, जिमचे. आज बूट बघते. पुढच्या सत्रात टँगो आहे. तिथेही असंच पुसत आणायचं का?

टाच_चवडा

नाही. टँगोत राइज अँड फॉल, म्हणजे अंग वर जाणं-खाली येणं, नाहीच, गुडघे सैल ठेवून सगळं एकाच पातळीवर, आणि पाऊल किंचित उचलून जागेवर ठेवायचं. तुम्हाला तो वॉल्ट्झपेक्षा लवकर जमेल असा माझा अंदाज.

घुंगरूवाली

चला, कथक कुठेतरी कामी आलं. पणजीकरांचा प्रतिसाद यजमानांना मोठ्याने वाचून दाखवलाय. ते म्हणतात, शनिवारी फोनवर शूट करू आणि दोघांचे पाय बघू. व्हिडिओ इथेच टाकते.