प्रतिसाद: रॅपने इंग्रजी बिघडतं का?
रॅप ऐकून मुलांचं व्याकरण बिघडेल, ही अनेकांची भीती मला अजिबात पटत नाही. इथे इंदूरला रामबागेत मी शेजारच्या मुलांचं इंग्रजी घेते. घरी मराठी, गल्लीत हिंदी. त्यामुळे इंग्रजी वाक्यातला प्रत्येक शब्द ती सारख्याच जोराने म्हणतात. इंग्रजीत 'ऑफ', 'टू', 'अँड' दबतात आणि अर्थाचे शब्द उठून येतात. नुसत्या वाचनातून हे कळत नाही. ठेक्यावर रॅपच्या चार ओळी म्हणायला लावा, जीभ वळू लागते.

आणि व्याकरण? रॅप ज्याचा भाग आहे ते हिप-हॉप १९७३ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात सुरू झालं. त्यातली बोली अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची, हिप-हॉपच्याही आधीची. ती अशुद्ध नाही, तिला स्वतःचे नियम आहेत. 'ही वर्किंग' म्हणजे तो आत्ता काम करतोय. 'ही बी वर्किंग' म्हणजे तो नेहमी करतो. भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव यांनी या बोलीची नियमबद्धता १९७२च्या पुस्तकात सविस्तर दाखवली आहे. मी गाण्यातली अशी ओळ मुलांकडून प्रमाण इंग्रजीत लिहून घेते. गळलेलं सहायक क्रियापद ('ही वर्किंग'मधलं 'इज') स्वतः शोधून भरलं, की ते पक्कं बसतं.

गाणं मात्र आधी स्वतः पूर्ण ऐका. शिव्या बऱ्याच असतात.