टोकियोसाठी गाइडबुक निवडताना नेमकं काय पाहावं?

कोलशेत_रोड:
नमस्कार मंडळी. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात टोकियोला सहा रात्री जायचं आहे. सत्तरीच्या सासूबाई, नऊ वर्षांचा मुलगा आणि आम्ही दोघं. टूर कंपनी नाही, सगळं स्वतः ठरवायचं आहे. घरात सगळे शाकाहारी, अंडंही चालत नाही. ठाण्यात पुस्तकं चाळली तर तीन प्रकार दिसले: चारशे पानी जाडजूड, रंगीत चित्रांचं, आणि खिशात मावेल असं छोटं. शिवाय जाडजूड पुस्तकाचीच २०१७ची आवृत्ती जुन्या पुस्तकांच्या दुकानात पाव किमतीत मिळते आहे. ती चालेल का? तिन्ही प्रकारांपैकी कोणता घ्यावा? आणि दुकानात उभ्या उभ्या दहा मिनिटांत पुस्तक तपासायचं तर कुठली पानं उघडायची?

नेरुळ_पूर्व:
२०१७ची घेऊ नका. देवळं, बागा, इतिहास यात फारसा फरक पडलेला नाही. पण रोज लागणारी पानं नेमकी चुकीची झाली आहेत.

दुकानात हे उघडून बघा. त्सुकिजीचा घाऊक मासळीबाजार ऑक्टोबर २०१८मध्ये तोयोसूला हलला. त्सुकिजीत आता फक्त बाहेरची दुकानं आहेत. पुस्तक अजून मासळीचा लिलाव त्सुकिजीत दाखवत असेल तर ते खाली ठेवा. मग यामानोते या शहरात गोल फिरणाऱ्या लोकल लाइनचा नकाशा: शिनागावा आणि तामाची यांच्यामध्ये ताकानावा गेटवे हे स्टेशन हवं, ते मार्च २०२०मध्ये उघडलं. ते धरून स्टेशनं ३० होतात, जुन्या नकाशात २९ दिसतील. उपभोग कर (आपल्या जीएसटीसारखा) ऑक्टोबर २०१९पासून १० टक्के आहे, पार्सल नेलेल्या खाण्यावर ८. पुस्तकात सरसकट ८ असेल तर त्यातल्या कुठल्याच किमतीवर विसंबू नका.

सगळ्यात महाग पडणारी चूक जपान रेल पासची, म्हणजे पर्यटकांना ठरावीक दिवस रेल्वेने देशभर फिरू देणाऱ्या पासची. सात दिवसांचा साधा पास २९,६५० येनचा होता, ऑक्टोबर २०२३पासून तो ५०,००० येन झाला. टोकियो ते क्योतो जायला बुलेट ट्रेनचं एकेरी तिकीट साधारण १४,००० येन पडतं, म्हणजे जाऊन-येऊनही पासचे पैसे वसूल होत नाहीत. जुनी पुस्तकं मात्र पहिल्याच प्रकरणात 'पास घ्याच' म्हणतात. तुम्ही टोकियोतच राहणार असाल तर पासचा विषयच नाही.

एक सावधगिरी. पहिल्या पानांत छापलेलं साल आणि आवृत्तीचा क्रमांक दोन्ही वाचा. नुसतं पुनर्मुद्रण असेल तर साल नवं दिसतं, मजकूर जुनाच राहतो. नव्या आवृत्तीचीही माहिती छपाईच्या कित्येक महिने आधी गोळा झालेली असते. म्हणून वेळा आणि दर कुठल्याही पुस्तकातून घेऊ नका, ते संस्थळावरच पाहायचे.

वाशी_सेक्टर१७:
माझ्या मते पुस्तकाचा खरा कस नकाशात लागतो, आणि त्याकडे फार कमी लोक बघतात.

टोकियोत बहुतेक गल्ल्यांना नावं नाहीत. पत्ता असतो तो वॉर्ड, मग मोहल्ला, मग चोमे (मोहल्ल्याचा उपभाग) क्रमांक, मग ब्लॉक, मग इमारत. आपल्याकडे वाशी-नेरुळला सेक्टर आणि प्लॉट नंबर सांगतात ना, त्याच जातीचा. त्यामुळे रस्त्यांची नावं लिहिलेला युरोपी धाटणीचा नकाशा तिथे उपयोगी पडत नाही. नकाशावर चोमेचे आकडे हवेत आणि ठळक खुणा हव्यात: बँक, पोलीस चौकी, कन्व्हिनियन्स स्टोअर. लक्षात ठेवा, तिथला पहिला मजला म्हणजे आपला तळमजला. तिसऱ्या मजल्यावर हॉटेल लिहिलं असेल तर आपल्या हिशेबाने दुसऱ्यावर जायचं.

दुसरं, प्रत्येक ठिकाणासमोर स्टेशनबरोबर एक्झिटचा क्रमांक आहे का बघा. शिंजुकू स्टेशनला २०० हून जास्त एक्झिट आहेत आणि दिवसाला तीस लाखांहून जास्त लोक ये-जा करतात. चुकीच्या बाजूला बाहेर पडलं की वयस्कर माणसाला घेऊन पुष्कळ चालावं लागतं. 'शिंजुकू स्टेशनपासून ५ मिनिटं' असं लिहिणारं पुस्तक अपुरं आहे. 'एक्झिट ए१पासून ५ मिनिटं' असं लिहिणारं हवं. जुलै २०२०मध्ये तिथे पूर्व-पश्चिम जोडणारा मार्ग खुला झाला, त्यातून जायला तिकीट लागत नाही. जुन्या पुस्तकात लांबचा वळसा सांगितलेला असतो.

तिसरं, स्टेशनांचे क्रमांक. यामानोते लाइनवर शिंजुकू म्हणजे जेवाय १७, शिबुया जेवाय २०, गिंझा लाइनवरचं आसाकुसा जी १९. नावं वाचता आली नाहीत तरी अक्षर आणि आकड्यावरून मूल घरच्यांना नेऊ शकतं. नकाशात हे क्रमांक असतील आणि ठिकाणांची नावं जपानी लिपीतही छापलेली असतील तर ते पुस्तक घ्या. पान उघडून समोरच्याला दाखवलं की काम होतं.

ऐरोली_नाका:
वाशीकरांशी सहमत, एक पुरवणी. मोहल्ल्यात इमारतींचे आकडे विस्कळीत असतात असा समज आहे, पण टोकियोच्या मध्यभागात १९६२च्या कायद्यानंतर पुष्कळ भागांत इमारतींचे आकडे ब्लॉकभोवती घड्याळाच्या काट्याप्रमाणे दिलेले आहेत. म्हणून ब्लॉक सापडला की एक फेरी मारली तरी इमारत मिळते. चांगलं पुस्तक हे दोन ओळींत सांगतं.

तिकिटांचं प्रकरणही वाचा. भुयारी रेल्वेच्या दोन संस्था आहेत: टोकियो मेट्रोच्या ९ लाइन्स आणि तोएईच्या ४. दोन्हींवर चालणारं २४, ४८ किंवा ७२ तासांचं तिकीट मिळतं. तास पहिल्या वापरापासून मोजतात, कॅलेंडरच्या दिवसांवर नाही. पण ते यामानोतेवर चालत नाही, कारण ती जेआरची, म्हणजे जपान रेल्वेची. हॉटेल यामानोतेवर घ्यायचं आणि हे तिकीट काढायचं, ही नेहमीची गफलत. पुस्तकात हा फरक स्पष्ट नसेल तर लेखकाने ते जुळवून पाहिलेलं नाही असं समजा. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना निम्मं भाडं पडतं, तुमचा मुलगा त्यात येतो.

ठाणे_पाचपाखाडी:
खाण्याबद्दल लिहिते, कारण बहुतेक पुस्तकं इथेच कमी पडतात. 'शाकाहारी' या शब्दाची सूची उघडून फक्त चार हॉटेलांची नावं दिली असतील तर ते पान कुचकामी आहे. हॉटेलं बंद होतात. समजून घ्यायची गोष्ट आहे दाशी.

दाशी म्हणजे सूप-रश्शाला लागणारं चवीचं पाणी, स्टॉक. ते बहुतेक वेळा सुकवलेल्या बोनिटो माशाच्या किसापासून करतात. मिसो सूप, उदोन नूडल्सचा रस्सा, सोबा नूडल्सची चटणी, शिजवलेली भाजी, तळलेल्या तोफूच्या गोड पिशवीत भरलेली सुशी, सगळ्यात ते असू शकतं. दिसायला मासा नसतो, वेटरही 'मांस नाही' असंच सांगतो आणि तो खोटं बोलत नसतो. समुद्री शेवाळाची, म्हणजे कोम्बूची दाशी चालते. पाकिटावर ॲलर्जीची यादी असते, त्यात अंडं, दूध, गहू सक्तीने लिहावं लागतं, पण बोनिटो त्या सक्तीच्या यादीत नाही. यादी स्वच्छ दिसली म्हणून पदार्थ शाकाहारी ठरत नाही. करीच्या तयार वड्यांतही बऱ्याचदा प्राण्यांची चरबी असते.

तर पुस्तकात तीन गोष्टी शोधा. दाशीचा उल्लेख आहे का. 'मासा, मांस, अंडं आणि माशाची दाशी नको' असं जपानीत छापलेलं वाक्य आहे का. आणि शोजिन र्योरीची माहिती आहे का. हे बौद्ध मठांचं जेवण. पारंपरिक पद्धतीत कांदा-लसूणही टाळतात, त्यामुळे सासूबाईंना जमेल. आगाऊ सांगावं लागतं. निशी-कासाई भागात भारतीय कुटुंबं बरीच आहेत, तिथे आपलं जेवण मिळतं. तोझाई लाइनवर आहे.

कोलशेत_रोड:
खूप आभार सगळ्यांचे. २०१७चा विचार सोडला. चित्रांचं की जाडजूड, हे अजून ठरत नाही. आणि तारखा अशा: २५ एप्रिल ते १ मे.

नेरुळ_पूर्व:
तारखांमुळे आणखी एक पान तपासा: सणांचं. २९ एप्रिलपासून ५ मेपर्यंत गोल्डन वीक असतो, २९ एप्रिलला आणि ३, ४, ५ मेला सुट्ट्या. तुमचे शेवटचे दिवस त्यात सापडतात, म्हणून गर्दीची ठिकाणं २५ ते २८मध्ये उरका. हे वाचल्याशिवाय हॉटेल बुक करू नका. टोकियोतला चेरीचा बहर मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीस असतो, तेव्हा तो सरलेला असेल. पण नेझू देवस्थानातली अझेलियाची फुलं आणि कामेइदो तेनजिन देवस्थानातले विस्टेरियाच्या जांभळ्या फुलांचे घोस साधारण याच सुमारास असतात. ज्या पुस्तकात फक्त चेरीच दिली आहे ते तुम्हाला कामाचं नाही.

मुलासाठी मिताकाचं घिबली (ॲनिमेशन चित्रपटांचा स्टुडिओ) संग्रहालय विचारात असेल तर तिकीट दारावर मिळत नाही. पुढच्या महिन्याची तिकिटं दर महिन्याच्या १० तारखेला जपानी वेळेने सकाळी १० वाजता विक्रीला येतात. आपल्याकडे तेव्हा साडेसहा वाजलेले असतात. एप्रिलसाठी १० मार्च.

वाशी_सेक्टर१७:
निवड विचारलीत तर: चित्रांचं घरी मुलासोबत आणि सासूबाईंसोबत बघायला उत्तम, इमारतींची आतली रचना चित्रातून समजते. रस्त्यावर मात्र त्यात मजकूर कमी पडतो. जाडजूड पुस्तक एकच घ्या आणि ते भागांप्रमाणे रचलेलं असेल असं बघा: आसाकुसा-उएनो, शिबुया-हाराजुकू, गिंझा-त्सुकिजी. 'संग्रहालयं', 'देवळं' अशा विषयवार रचनेत एका दिवसाचं काम चार पानांत विखुरतं. मग आपल्या सहा दिवसांची प्रकरणं कटरने सुटी करून स्टेपल करा, दोनेकशे पानं घरीच राहतील.

खिशातलं छोटं पुस्तक सोडून द्या. त्याऐवजी शिंजुकूला टोकियो महानगर शासनाच्या मुख्य इमारतीत तळमजल्यावर पर्यटक माहिती केंद्र आहे, तिथे इंग्रजी नकाशे फुकट मिळतात. त्याच इमारतीत ४५व्या मजल्यावर २०२ मीटर उंचीवर निरीक्षण दालन आहे, तेही विनामूल्य. पहिल्या दिवशी सकाळी तिथे गेलात तर एकाच फेरीत दोन्ही होईल. लिफ्ट कोणत्या एक्झिटला आहे ते मात्र स्टेशनच्या नकाशावर आधी बघून घ्या, सगळ्या एक्झिटना नसते.