लेह ते पोर्ट ब्लेअर एका दिवसात होईल का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, नाशिकहून लिहितेय. ताई पोर्ट ब्लेअरला असते (आता श्री विजयपुरम, पण घरात अजून जुनंच नाव चालतं) आणि दादा नोकरीनिमित्त लेहला. जानेवारीत भाच्याचं जावळ आहे, आमच्याकडे ते मामाच्या मांडीवर बसवूनच काढतात, म्हणजे दादा पोचायलाच हवा. तिकिटांचं माझ्याकडे आलंय आणि दोन दिवस डोकं चालेनासं झालंय.

नेटवर बघितलं तर सरळ रेषेत अंतर साधारण २,९४० किमी आणि वेळ ४ तास दाखवतं. आई लगेच म्हणाली, मग सकाळी निघाला की दुपारी जेवायला ताईकडे! पण ते ४ तास म्हणजे विमान ताशी ८३० किमीने नाकासमोर गेलं तर, आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास वर धरून, तसं थेट विमान कुठंय.

मग मी तुकडे करून बघितले. लेह-दिल्ली ६२० किमी, दिल्ली-कोलकाता १,३१० आणि कोलकाता-पोर्ट ब्लेअर १,३०५ च्या आसपास, म्हणजे सगळं मिळून ३,२३५. सरळ रेषेपेक्षा जेमतेम ३०० किमी जास्त! चेन्नईवरून गेलं तर मात्र ३,७०० च्या वर जातं. कोलकात्यावरून नुसतं हवेतच पावणेसहा तास धरले तरी मधले थांबे किती खातील तेच कळत नाहीये.

खरी भीती लेहची आहे. तिथला विमानतळ ३,२५६ मीटरवर, चारी बाजूंनी डोंगर, दुपारी वारा सुटतो म्हणून बहुतेक विमानं सकाळीच असतात आणि ढग खाली आले की रद्द. त्यात जानेवारीत दिल्लीला पहाटेचं धुकं. एक विमान चुकलं की पुढचं सगळं कोसळलं. पोर्ट ब्लेअरला सूर्यही लवकर मावळतो, रेखांशात १५ अंशांचा फरक म्हणजे सूर्याच्या हिशेबाने एक तास, घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. त्यामुळे उशिरा उतरला तर अंधारात टॅक्सी शोधत बसेल.

तर जे लेहहून असे लांब गेलेत त्यांनी सांगा, एका दिवसात जमवायचा हट्ट सोडून रात्री दिल्लीला थांबावं की कोलकात्याला? मला वाटतं कोलकाता बरं, धुक्याचा दिल्लीचा टप्पा आदल्या दिवशीच पार पडतो, पण लेहचं विमानच रद्द झालं तर काय? म्हणून एक अख्खा दिवस मोकळा ठेवायचा विचार आहे, दादाची रजा मोजकी आहे पण जावळाला मामा नसणं ताईला फार लागेल. आणि सगळं एकाच पीएनआरवर घ्यावं ना? वेगवेगळी तिकिटं स्वस्त पडतायत पण पहिलं विमान लेट झालं तर दुसऱ्याचे पैसे बुडाले असं ऐकलंय.

आई आणि मी ओझरहून दिल्लीला जाऊन दादाला तिथेच गाठावं असंही मनात आहे, आईला एकटीने एवढी विमानं बदलायला लावायची नाहीत. आई सारखी म्हणतेय, तिथल्या विमानतळाला आपल्या भगूरच्या सावरकरांचं नाव आहे, बघायचंच आहे.

तिकीट या आठवड्यात काढायचंय, प्लीज लवकर सांगा.